हळदीतला लखमदेव

पौषापासून चैत्रापर्यंत हरिचंद्र सत्तेचाळीस वेळा मेला. मोजणी अनंता मास्तरांची, म्हणून आकड्यावर शंका घेण्याचं कारण नाही. पहिल्यांदा तो कुळगावात मारुतीच्या देवळासमोर मेला, तेव्हा कपाळाला टेंगूळ आलं. मग त्याने पेंढ्यावर मरून पाहिलं, उल्हास नदीच्या वाळूत मरून पाहिलं. अंबरनाथच्या कारखान्यात तो टर्नर होता. तिथे जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या गवतावर मेला, तर खरंच काही झालं समजून पहारेकऱ्याने बादलीभर पाणी अंगावर ओतलं. हरिचंद्र उठला नाही. भाषणाच्या चार ओळी राहिल्या होत्या, त्या त्याने ओल्या अंगाने पुऱ्या केल्या आणि मगच प्राण सोडला.

हे सगळं लखमदेवासाठी चाललं होतं.

कुळगावाहून नदीच्या उताराकडे जाणाऱ्या वाटेवर एक वीरगळ होता. कमरेइतका उंच दगड, त्यावर तीन चौकटी कोरलेल्या. खालच्या चौकटीत एक माणूस अनेकांशी लढतोय आणि शेजारीच आडवा पडलाय. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. वरच्या चौकटीत तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. नाव कुठेच नव्हतं. गाव त्याला वीरदेव म्हणे आणि अवसेला तेल घाली. १९५५ च्या पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळायला लागलं, मुलांना आठ दिवस सुट्टी द्यावी लागली, आणि त्या आठ दिवसांत अनंता मास्तरांनी या दगडावर चार अंकी नाटक लिहिलं. पहिल्याच तालमीला ते म्हणाले, "नाव माझं, राजे माझे, लढाईही माझी. मेलेला माणूस तेवढा दगडावरचा आहे."

नाटकातला लखमदेव हा कोकणच्या एका राजाचा सामंत. राजा मरतो आणि गादीसाठी दोन्ही राजपुत्र तलवारी उपसतात. मरणाऱ्या राजाला लखमदेवाने शब्द दिलेला असतो की थोरल्याची साथ सोडणार नाही. पण धाकट्याच्या फौजेतली निम्मी पोरं त्यानेच धनुष्य धरायला शिकवलेली. लढाई पेटते तेव्हा त्याचं लग्न आठ दिवसांवर असतं. तो परत येऊ शकत नाही, म्हणून आपली तलवार पाठवतो, आणि नवरीचं लग्न त्या तलवारीशी लागतं. तीन दिवस तो नदी पायी ओलांडायचा उतार अडवून धरतो. आपल्या शिष्यांवर तो वार करत नाही, नुसते चुकवतो. शेवटी त्यातल्याच एकाचा बाण त्याला लागतो. तो पडतो, शिष्याला जवळ बोलावतो, बाण कसा जरा खाली लागला ते त्याला समजावून सांगतो, आणि मरतो. हे मरण मास्तरांच्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटांचं होतं.

हरिचंद्र याआधी चार वर्षं जत्रेच्या नाटकात जासूद व्हायचा. धावत यायचं, "महाराज, घात झाला" म्हणायचं आणि आत जायचं. चार वर्षं त्याने हा घात इमानाने कळवला. म्हणून मास्तरांनी लखमदेव त्याला दिला, तेव्हा तो सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आला. बसायचं सुचलंच नाही.

नाटक चैत्रातल्या जत्रेला, रविवारी दुपारी चार वाजता ठरलं. दुपारी अशासाठी, की निम्मं सैन्य रात्रपाळीला जाणारं होतं. हरिचंद्राचं लग्न अंबरनाथ गावातल्या नवसीशी जमलं होतं, ते त्यानंतर आठ दिवसांनी सोमवारी. सगळं नीट बसलं होतं. मग त्या रविवारी कारखान्यात जादा काम लागलं आणि नाटक एक आठवडा पुढे गेलं. शनिवारी हळद, सोमवारी लग्न, आणि मधल्या रविवारी लखमदेव.

हळद लागलेला नवरा मांडवाबाहेर पडत नाही. हातात कट्यार धरून पाटावर बसायचं, खायला घालतील ते खायचं. त्याला परसाकडेसुद्धा एकट्याने जाऊ देत नाहीत.

"आये, तीन तासांचं काम हाय," हरिचंद्र आईला म्हणाला. "गावची वेस पन ओलांडायची नाय."

"आनि मरायचं पन हाय ना?" सगुणाबाई तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

"खोटं मरायचं हाय."

"हलद खरी हाय."

"मग लगीन आठ दिस फुडं..."

"अंबरनाथला पाचशे मानसांचं जेवान सांगलाय. त्यांना काय सांगू, नवरा मरनार हाय, जरा थांबा?" तिने सूप खाली ठेवलं. "तो बालाजी हाय ना रिकामा. त्याला मारा."

हरिचंद्राच्या आधीची दोन पोरं तिने मातीत ठेवली होती. हे ती कधी बोलत नसे. आताही बोलली नाही, पण तांदळात एकही खडा नसताना बराच वेळ खडे शोधत राहिली.

बाळाजी हा लखमदेवाला बाण मारणारा शिष्य. टपाल वाटत गावोगाव फिरायचा आणि वाटेत मोठ्याने संवाद म्हणायचा, त्यामुळे लखमदेवाची भाषणंही त्याला पाठ होती. बातमी त्याला त्याच दिवशी कळली.

"तू बस निवांत हलद लावून," तो म्हणाला. "मी मरतो तुझे बदली. मैतर कशाला असतान?"

"अकरा मिन्टं मरायचं हाय. तू तीन मिन्टांत आटपतोस."

"मी बेगीन मरतो. लोकांना घरी जायचं असतं."

बुधवारी हरिचंद्र चिलखत आणायला कॅम्पात गेला. सिंधी निर्वासितांच्या या कॅम्पाला उल्हासनगर म्हणायला लागून सहा-सात वर्षं झाली होती, पण कुळगावच्या तोंडी अजून कॅम्पच. तिथल्या एका गल्लीत हासोमल नावाचा पत्रेवाला होता. फाळणीत सिंधमधल्या सक्करहून येताना हत्यारांची पेटी तेवढी घेऊन आलेला. वनस्पती तुपाचे डबे कापून, उलटे करून त्याने चिलखत बनवलं होतं. बाहेरून चांदीसारखं लखलखत होतं. तुपाचं नाव आतल्या बाजूला.

"साईं, घालून बघ," हासोमल म्हणाला. "अब गिरके दिखा."

हरिचंद्र गल्लीत पडला. दोन गिऱ्हाइकं आणि एक बकरी बघायला थांबली. पत्रा वाजला नाही.

"आतून गोधडी शिवली मी," हासोमल खूश होऊन म्हणाला. "मरनेवाला आदमी बजना नहीं चाहिए. डबा वाजला की पब्लिक हसते."

हरिचंद्राने चिलखत उतरवलं. म्हणाला, "शेटजी, बहुतेक दुसरा माणूस घालील. माझी हळद आहे."

"दुसरा कोण?"

"बाळाजी. टपालवाला."

हासोमल बाळाजीला ओळखत होता. त्याने दोन्ही हातांनी हवेत एक पोट काढून दाखवलं. "त्याला बसवायला कापावं लागेल. मी कापणार नाय. माप तुझं घेतलंय, तूच मर. रविवारी मी गल्लीतली सहा माणसं घेऊन येतोय."

गुरुवारी ठमाआजी घरी आली. ही धवलारीण, म्हणजे लग्नात धवळे गाऊन सगळा विधी करणारी बाई. आगऱ्यांच्या घरात तिच्या शब्दावाचून मांडवाचा खांबही उभा राहत नसे. नवसीच्या घरचं लग्नही तीच लावणार होती, म्हणून आठवडाभर तिची अंबरनाथ-कुळगाव अशी फेरी चाले. सगुणाबाई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात ठमाआजी हरिचंद्राजवळ वाकली.

"तुझे बायकोचा निरोप हाय."

"काय?"

"बोलली, मरनार हायेत तर चांगलं मरा म्हनावं. माझे सगल्या मैतरनी बघाया येनार हायेत. वाईट मेलात तर जलमभर मना बोलतील."

नवसीला त्याने दोनदाच पाहिलं होतं, एकदा बघायला गेला तेव्हा आणि एकदा साखरपुड्याला. दोन्ही वेळी ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. ती असा निरोप धाडू शकेल असं त्या अंगठ्यावरून मुळीच वाटलं नव्हतं.

"तिला सांग, बालाजी मरनार हाय," तो म्हणाला.

"तुझं तू सांग सोमवारी," ठमाआजी म्हणाली आणि पाणी प्यायली.

शनिवारी संध्याकाळी हळद लागली. मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या, पाटावर पिवळाधमक हरिचंद्र, उजव्या हातात कट्यार. मांडवाच्या खांबाला टेकून चिलखत ठेवलं होतं. अनंता मास्तर आणि बाळाजी ते न्यायला आले. मास्तरांनी हरिचंद्राच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. बाळाजीने चिलखत छातीला लावून पाहिलं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं बाळाजी शिल्लक राहिला.

"श्वास सोडला की बसेल," तो म्हणाला.

"मरेपर्यंत धरून ठेवायचा का?" मास्तर म्हणाले.

ठमाआजीचा धवळा चालू होता. ती मधेच थांबली. धवळा मधे थांबत नसतो, म्हणून सगळा मांडव गप्प झाला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचे त्या लखमदेवाचं लगीन कोनाशी लागलं?"

"खांड्याशी. म्हणजे त्याच्या तलवारीशेजारी नवरीला उभी केली."

"मंजे तलवार नवरा झाली."

"झाली."

"आनि तलवार नवरा झाली, तवर तो लखमदेव कोन व्हता?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. स्वतःच्या नाटकाचा हा भाग त्यांनी विचारात घेतलेला नव्हता. "तसा कोणी नाही," ते म्हणाले. "लढाईतला एक माणूस."

"तं मग," ठमाआजी म्हणाली. तिने हरिचंद्राच्या हातातली कट्यार काढून घेतली, तिला मुठीपासून टोकापर्यंत हळद लावली, मुंडावळी बांधली. हरिचंद्राला दंडाला धरून उठवलं आणि कट्यार पाटावर ठेवली. "यो आता नवरा. आनि यो दुसरा मानूस कोन हाय, मांडवात कशाला बसलाय, मना ठाव नाय."

बायकांत हशा पिकला. सगुणाबाई हसली नाही. ती पाटाजवळ आली. कट्यारीकडे आणि मग मुलाकडे तिने बारकाईने पाहिलं, जणू दोन्हींत खरा कोणता हे तिलाच ठरवायचं होतं.

"असं धवल्यात हाय?" तिने विचारलं.

"हाय."

"आनि यो परत नवरा कवा व्हनार?"

"उद्या दिवे लागायचे आत. मीच करीन. तवर तो मेला काय, जगला काय, तुझे घरचा नाय."

सगुणाबाईने पदर खोचला आणि ती कट्यारीशेजारी मांडी घालून बसली. "नवऱ्याजवल मी बसनार," ती म्हणाली. "कोनी हात लावायचा नाय."

ठमाआजीने पुढचा धवळा उचलला. खांड्याच्या नवऱ्याची म्हणून तिने जी चार कडवी त्या संध्याकाळी गायली, ती कुळगावात त्याआधी कोणी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही कोणी ऐकली नाहीत.

बाळाजीने चिलखत हरिचंद्राच्या हातात दिलं. "मर बाबा," तो म्हणाला. "मी मारतो. ते पन काम नीट व्हायला पायजे."

रविवारी चार वाजता जत्रेच्या मैदानात नऊशे माणूस होतं. बैलगाड्या उलट्या करून त्यावर फळ्या टाकल्या होत्या, पडदा कॅम्पातून आणलेला. अडचण एकच राहिली होती. दोन वेळा अंघोळ करूनही हरिचंद्राची हळद निघेना. उन्हात तर तो पिकल्या आंब्यासारखा दिसत होता. मास्तरांनी आयत्या वेळी बाळाजीच्या तोंडी एक वाक्य घातलं. लढाईच्या तोंडावर बाळाजी पुढे आला, धनुष्य खाली केलं आणि म्हणाला, "गुरुजी, हळद वाळली नाही तोच आलात?" नऊशे माणसांना कालचा मांडव माहीत होता. एक लाट उठावी तसा हशा उठला, आणि विरला तेव्हा लोक लखमदेवाकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले होते. हा उद्याचा नवरा आहे, आणि हा मरणार आहे.

बाण दोऱ्यावरून आला आणि चिलखताला बरोबर लागला. आवाज झाला नाही. "देखो, नहीं बजा," पुढच्या रांगेतून हासोमल शेजाऱ्याला म्हणाला.

हरिचंद्र पडला. त्याने शिष्याला हाक मारली, बाण धरायची पद्धत दाखवली, थोरल्या राजपुत्राला निरोप दिला. मैदानात शेंगदाणे फोडल्याचा आवाज येत होता तो बंद झाला. "तलवारीला सांगा," हे शेवटचं वाक्य, "की आता ती विधवा नाही, एकटी आहे." मास्तरांनी या वाक्यासाठी तीन दिवस घालवले होते आणि त्याचा अर्थ त्यांना स्वतःलाही पुरता सांगता येत नसे. पण बायकांच्या बाजूने हुंदका आला. लखमदेवाने मान टाकली.

मास्तरांची शिस्त अशी, की रणात डोळे मिटायला कोणी नसतं, म्हणून मेल्यावर डोळे अर्धे उघडे हवेत. हरिचंद्राची मान उजवीकडे पडली. उजवीकडे बायका बसल्या होत्या. अर्ध्या उघड्या डोळ्यांतून त्याला पहिल्यांदा ठमाआजी दिसली. तिच्या शेजारी डोक्यावरून पदर ओढलेली एक मुलगी होती. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, आणि ते हात कोपरापर्यंत पिवळे होते. हात जरा खाली आले. नवसी रडत होती, आणि रडता रडता त्याच्याकडे टक लावून बघत होती. या वेळी अंगठ्याकडे नाही.

लखमदेव हसला.

हसू आलं हे त्याला कळलं, पण ते परत घ्यायची सोय नव्हती. मेलेल्या माणसाला तोंड हलवता येत नाही. पडदा पडला की सुटलो, असं त्याने मनात म्हटलं. पडद्याची दोरी अडकली. ओढणारा ओढत होता, मास्तर आतून शिव्या देत होते, आणि मैदानाच्या मधोमध लखमदेव चार घटका वाटाव्यात इतका वेळ हसत मेलेला पडून होता.

मग पुढच्या रांगेतले कोंडाजी पाटील, वय पंच्याऐंशी, काठी टेकून उभे राहिले. "त्याला अप्सरा दिसल्या," ते शेजाऱ्याला म्हणाले. कान गेलेले असल्याने ते जे बोलत ते मैदानभर जाई. नऊशे माणसांनी एकदम श्वास सोडला. त्यानंतरच्या टाळ्या नदीपलीकडच्या वाडीत ऐकू गेल्या, असं दुसऱ्या दिवशी तिथून दूध घेऊन आलेल्या माणसाने सांगितलं. पडदा शेवटी हातांनी ओढून लावला. आत मास्तरांनी हरिचंद्राला मिठी मारली. त्यांचा चष्मा ओला होता.

"ते हसू कुठून आणलंस रे?" त्यांनी विचारलं.

"आलं," हरिचंद्र म्हणाला.

दिवे लागायच्या आत तो मांडवात हजर झाला. सगुणाबाई दुपारपासून पाटाजवळून हलली नव्हती. शेजारणींनी येता-जाता विचारून घेतलं होतं, सगुणे, नवऱ्याला जेवायला घातलंस का, नवरा अंगाने जरा बारीकच दिसतोय. तिने खरोखरच कट्यारीपुढे एक वाटी भात ठेवला होता. ठमाआजीने कट्यारीची हळद पुसून हरिचंद्राच्या कपाळाला लावली, त्याला पाटावर बसवलं आणि कट्यार हातात दिली.

"मेलास?" सगुणाबाईने विचारलं.

"मेलो."

"बरा मेलास?"

"लोक रडली."

तिने त्याच्या तोंडावरून, छातीवरून हात फिरवला. चिलखताने खांद्याला जिथे लाल वळ उठला होता तिथे जरा जास्त वेळ ठेवला. "हात धू," ती म्हणाली. "सकालपासून उपाशी हायस." आणि ती जी हसायला लागली ती वाढून झालं तरी हसत होती.

सोमवारी अंबरनाथला लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला, दोघं पाटावर शेजारी बसली, आणि ठमाआजी मोठ्याने गाऊ लागली तेव्हा नवसी ओठ न हलवता बोलली.

"मेल्यावर कोन हसतं?"

"तू कशी आली व्हतीस?" हरिचंद्रानेही ओठ हलवले नाहीत. "तुला पन हलद लागली व्हती."

"माझे पाटावर वरवंटा व्हता. हिरवं लुगडं नेसवून ठेवला व्हता. माझी मावशी त्याला वारा घालत व्हती."

"ठमाआजीच्या डोक्यात काय काय येतं."

"आजीच्या?" नवसी पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बघत म्हणाली. "तुमचे नाटकाची गोस्ट तिने मना सांगली, तवा मी बोलले, तलवार नवरा व्हते तं कट्यार काय वाईट हाय? आनि नवरीचं काय, मी घरीच बसू?"

ठमाआजीने गाता गाता दोघांच्या मधे हात घालून नवसीची मान पुढे वळवली.

मास्तरांनी नाटकाच्या वहीत लाल शाईने सुधारणा केली: "लखमदेव हसतो व प्राण सोडतो." पुढच्या चैत्रात नवसीला सातवा महिना होता, आणि पोटुशी बायको असलेल्या माणसाने मरू नये असं सगुणाबाईने जाहीर केलं. यावर ठमाआजीकडेही कडवं नव्हतं. लखमदेव बाळाजीकडे गेला. हासोमलने चिलखत कापलं नाही, दोन डबे जोडून नवं केलं.

बाळाजीला मरण जमलं, हसू जमेना. ते हसू यायचं ते पोट दुखल्यासारखं. जत्रेला चार दिवस राहिले तेव्हा तो हरिचंद्राच्या ओट्यावर येऊन बसला.

"सांग ना," तो म्हणाला, "त्या टायमाला तू मनात काय आनलं व्हतंस? मास्तर बोलतान, गुरूला शिष्याचा अभिमान वाटला म्हनून तो हसला. मी अभिमान आनून बघितला. नाय जमत."

हरिचंद्र खांबाकडे बघू लागला. आतून नवसी म्हणाली, "त्याला सांगा, मान उजवीकडं टाक. बायकांकडं."

"तिकडं कोन असनार हाय?" बाळाजी म्हणाला.

"ते काय आमी सांगायचं? एवढं टपाल वाटतोस सगल्या गावांत, एका तरी पोरीला चिठ्ठी नाय धाडलीस?"

बाळाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वांगणीकडच्या वाडीतल्या बाळीच्या भावाला या महिन्यात त्याने तीनदा टपाल नेऊन दिलं होतं, आणि त्यातल्या दोन वेळा टपाल नव्हतंच. तो उठला, सायकल काढली आणि कुठे चाललो, काय काम, काही न सांगता वांगणीच्या रस्त्याला लागला.